आखूड डब्याचं साल

सोलापूर,
दि. १० नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
धम्मप्रियाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. तू सुट्टीवर आलेल्या तुझ्या मित्राबरोबर, गुरुबरोबर, पाठवलेल्या तीन डब्यांपैकी एक बाबांनी परत पाठवायला सांगितला, असं मी लिहिलं होतं. ते तसं म्हणाले नव्हते. हा रुळावर नको, खोक्यात ठेव, एवढंच म्हणाले. परत पाठवायचं मी माझ्या मनाने जोडलं. ते वाचून तू दोन दिवस फोन उचलला नाहीस असं आई सांगत होती, म्हणून हे लगेच लिहिते आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावरून लिहिते, कारण घरी माझा फोन दिवसभर बाबांच्या हातात असतो. ते आगगाड्यांचे व्हिडिओ बघतात.

नक्की काय चाललंय हे तू विचारलं होतंस. मागच्या खोलीत बाबांनी आठ फुटी प्लायवूडवर छोट्या मालगाडीचे रूळ मांडले आहेत. गाडी कॅनडाची, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान. इंजिन आणि पहिले चार डबे त्यांनी पुण्याच्या एका हौशी माणसाकडून जुने घेतले. चौतीस वर्षं रेल्वेत वॅगनची चाकं ठोकून तपासली, आता निवृत्त झाल्यावरही तेच का, असं आई विचारते. कॅनडाच का, असं कुणी विचारलं की तिकडचे डबे सहज मिळतात म्हणून, असं बाबा सांगतात. शेजारच्या गुरप्पाकाकांना ते पटलं. मलाही पटलं असतं, पण मागच्या महिन्यात बाबांनी स्टेशनच्या पाटीसाठी माझ्याकडून एक नाव इंग्रजीत लिहून घेतलं. ते तू कॅनडात राहतोस त्या गावाचं नाव होतं. मी लिहून दिलं. त्यांनी ते तसंच पाटीवर उतरवलं.

आता डब्याचं. बाबांनी गाडीसाठी साल ठरवलं आहे, २०१६. त्या साली त्या लाईनवर जे डबे धावत होते तेवढेच घ्यायचे. इंग्रजी माझ्याकडे, म्हणून शोधायचं काम माझ्याकडे. मी जुने फोटो बघते, फोटोची तारीख बघते, मग बाबांना सांगते. तुझे गोल पोटाचे दोन धान्याचे डबे बरोबर आहेत. ते पन्नास वर्षांपासून चालतात. मी त्यांना कडेने चमकणाऱ्या पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, कारण २०१६ पर्यंत सगळ्यांना त्या लागल्या होत्या. तिसरा, आखूड डबा मात्र २०१८ मध्ये आला. मी तसं सांगितलं आणि बाबांनी तो खोक्यात ठेवला.

२०१६ हे तू गेलास ते साल आहे. हे मी त्यांच्यापुढे बोललेले नाही. आणि हे डबे तू पाठवलेस हेही त्यांना माहीत नाही. मागवले, एवढंच मी म्हटलं. कुणाकडून ते त्यांनी विचारलं नाही.

थंडीत जपून गाडी चालव. पत्राला उत्तर दे, मन मोठं ठेव.

तुझी,
धम्मप्रिया


सस्कॅचवान,
दि. १३ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मप्रियास,
दादाचे अनेक आशीर्वाद, आणि तुझ्यातल्या मास्तरीणबाईंना वेगळा जयभीम.

तुझं पत्र ट्रकमध्ये बसून दोनदा वाचलं. खोक्यात ठेवला म्हणजे परत नाही, बरं. पण खोक्यात ठेवला म्हणजे रुळावर पण नाही की. तू दुरुस्ती केलीस आणि मला अर्धंच बरं वाटलं.

त्यांनी माझ्या गावाची पाटी लावली, हे लिहायला तुला महिना लागला व्हय? नऊ वर्षं झाली, माझा फोन आला की बाबा उठून अंगणात जातात. रेल्वेच्या परीक्षेचा फॉर्म त्यांनी भरून आणला, परीक्षा तोंडावर आली आणि मी इकडं हॉटेलात कुक म्हणून निघून आलो. राग बरोबर हाय. पण तू मला सांग, माणूस नऊ वर्षं एकाच गोष्टीवर रागवून राहू शकतो का? चहा तरी गार होतो.

आता कामाचं. जानेवारीत मला तीन आठवडे सुट्टी मिळते. मालकाला दहा डिसेंबरच्या आत सांगायचं हाय, नाहीतर दुसऱ्याला देतो म्हणाला. मी येईन, पण बाबा ये म्हणाले तरच. आईने दार उघडायचं, बाबांनी अंगणात जायचं आणि मी परक्यासारखं खुर्चीवर बसून चहा प्यायचा, हे माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून तुला एक विनंती. तो आखूड डबा मी मुद्दाम पाठवला होता. मी शेतावरून गहू आणतो, कोठारात ओततो, तो तसल्याच डब्यात भरून जातो. तो बाबांच्या रुळावर फिरावा एवढीच इच्छा. डब्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात महिना आणि साल छापलंय. बाबांना इंग्रजी येत नाही, पण आकडे ते भिंग लावून वाचतात, मला माहीत हाय. तेवढं ब्लेडने खरवड आणि सांग की शोधण्यात माझी चूक झाली, डबा २०१६ चाच. कोण बघायला येतंय? एका डब्याने कॅनडाची रेल्वे बंद पडत नाही.

आईने दिलेली शेंगाची चटणी गुरुने अर्धी वाटेतच खाल्ली, हे तिला सांगू नको, परत कुणाबरोबर देणार नाही. माझ्यावर लोभ असतोच, तो थोडा बाबांकडं पण वळव.

तुझा दादा,
दिपक


सोलापूर,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

मला तारीख खरवडता येणार नाही. रविवारी आई-बाबा बाहेर गेल्यावर मी ब्लेड घेतली, डबा खिडकीशी नेला आणि आकड्यांवर टेकवलीसुद्धा. मग पुन्हा खोक्यात ठेवला. आकडे शाबूत आहेत.

तुला वाटेल ही मोठी शहाणी झाली. तसं नाही रे. बाबांची शाळा चौथीपर्यंत, आईची तेवढीही नाही, आणि तू दहावीनंतर पुस्तक मिटलंस. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून घरातला प्रत्येक कागद वाचणं माझ्याकडे आलं. पेन्शनचा कागद, आईच्या डोळ्याचा रिपोर्ट, वीजमंडळाची नोटीस. मी वाचते आणि बाबा हो म्हणतात. ते दुसऱ्या कुणाला विचारायला जात नाहीत. डॉक्टरांनी ऑपरेशन लांबवलं तरी चालेल असं लिहिलंय, हे मी सांगितलं आणि त्यांनी लांबवलं. एका डब्यापायी मी खोटं वाचलं, तर आईचा पुढचा रिपोर्ट वाचताना माझा आवाज मलाच खरा वाटायचा नाही.

शिवाय त्या गार्डच्या डब्याचं तुला सांगायचं राहिलं. पुण्याहून आणलेल्या चार डब्यांत शेवटी जोडायचा एक लाल डबा होता, गार्डचा. वर छोटी खोली, तिला चारी बाजूंनी खिडक्या. बाबांचा तो सगळ्यांत आवडता. रोज पुसायचे. मी वाचून सांगितलं की २०१६ च्या कितीतरी आधी तिकडच्या मालगाड्यांना गार्डचा डबा लावणं बंद झालं, शेवटी फक्त दिवा लुकलुकणारी एक पेटी असते. बाबांना ते पटेना. गार्डाशिवाय गाडी सोडणारी कसली रेल्वे ती, असं म्हणाले. मी पुन्हा वाचलं का, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी पुन्हा वाचलं होतं. मग त्यांनी तो डबा स्वतःच्या हाताने काढून फळीवर ठेवला. आई म्हणाली, ठेवा की वो, घरातल्या घरात कोण दंड करतंय. त्यावर बाबा म्हणाले, धम्मा म्हणते तर नसणारच.

आता मी त्यांना कसं सांगू की माझ्या शब्दावर तुमचा आवडता डबा गेला, आणि हा चुकीच्या सालाचा डबा मात्र चालेल?

दुसरा काही मार्ग मला अजून सुचलेला नाही. सुचला की लिहीन. रागावलास तर रागाव, पण आईचा फोन उचल. जिव्हाळा होता तेवढा ठेव.

तुझी,
धम्मप्रिया


सस्कॅचवान,
दि. २२ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मप्रियास,
अनेक आशीर्वाद.

तुझं बरोबर हाय. खरवडू नको. गार्डच्या डब्याचं वाचून हसलो आणि मग पुढं काही वेळ ट्रक चालू केला नाही.

पण माझं पण ऐक. बाबांच्या प्लायवूडवर २०१६ साल हाय. त्या सालात मी इथं काय होतो? हॉटेलच्या मागच्या दारात भांडी घासत होतो. कुक म्हणून आणलं आणि भांड्यांना लावलं. ट्रक नव्हता, लायसन नव्हतं, बर्फावर चालायला पण येत नव्हतं, दोनदा पडलो. आईला मी तेव्हा सगळं झकास हाय म्हणून सांगायचो. त्यानंतर मी लायसन काढलं, इंग्रजी बोलायला शिकलो. आता कोठारवाला मला नावाने हाक मारतो आणि माझ्या गव्हाचं वजन करताना माझ्यावर विश्वास ठेवतो. हे सगळं २०१६ नंतरचं. बाबांनी माझं सगळ्यात वाईट वर्ष उचललं आणि त्याच्याभोवती गोल रूळ टाकले. गाडी तिथंच फिरत राहणार.

त्यांना तेवढाच मुलगा बघायचा असेल तर राहू दे. सुट्टी नको असं मी मालकाला अजून सांगितलं नाही, पण दहा तारखेच्या आधी सांगून टाकीन. आईला तू सांभाळून सांग. तिच्या ऑपरेशनला जे लागेल ते कळव.

माझ्याकडून माया कमी नाही. फक्त थकवा आलाय.

तुझा दादा,
दिपक


सोलापूर,
दि. २९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

मालकाला काही सांगू नकोस. आधी हे पूर्ण वाच.

परवा संध्याकाळी गुरप्पाकाका गाडी बघायला आले. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. पाटी वाचता येत नाही म्हणून त्यांनी विचारलं की हे गाव कुठलं. मी चहा घेऊन दारात उभी होते. बाबा म्हणाले, दिपकचं. दादा, नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. आईच्या हातातला शेंगांचा डबा खाली पडला आणि शेंगा रुळावर गेल्या, तेव्हा बाबा तिच्यावर ओरडले, पण ते वेगळं.

मग गुरप्पाकाकांनी साल विचारलं आणि चिडवायला लागले की धोंडिराम, तुझी गाडी नऊ वर्षं लेट हाय की, कंट्रोलला कळवलं का? बाबा हसले नाहीत. म्हणाले, त्याच्या पुढचं मी बघितलेलं न्हाय. कुणी दाखवलंच न्हाय, तर लावू काय?

गुरप्पाकाका गेल्यावर मी आईला विचारलं, मग त्या सालाचं तरी त्यांनी कुठे बघितलं? तिने कपाटातून बाबांचं जुनं पाकीट काढून दिलं. त्यात तीन फोटो. तू पहिल्या हिवाळ्यात पाठवलेले, आईने नवी पेठेत जाऊन कागदावर छापून आणलेले आणि बाबांनी गुपचूप ठेवून घेतलेले. एकात ते उंच कोठार, त्याच्यासमोर गोल पोटाचे डबे, आणि कडेला मोठ्या मापाचं जाकीट घातलेला तू. फोटोंच्या मागे बाबांनी पेन्सिलने आकडे लिहिले आहेत: कोठाराला किती खिडक्या, दोन खांबांमध्ये किती डबे. खोलीतलं सगळं त्या तीन फोटोंवरून केलेलं आहे.

म्हणजे मी चुकले होते, आणि तूही. बाबा रागाच्या वर्षावर अडून बसले आहेत असं आपण दोघांनी धरलं. पहिल्या वर्षी आई फोटो दाखवायला गेली की ते उठून जायचे, म्हणून तिने दाखवणं सोडलं. नंतरचे सगळे फोटो तिच्या फोनमध्येच राहिले. पुढे कधीतरी त्यांना बघायचे झाले असतील. पण त्यांनी मागितले नाहीत आणि आपल्यापैकी कुणी दिले नाहीत.

तुझा डबा खोटा ठरवायची किंवा खरा ठरवायची काही गरज नाही. साल पुढे न्यायचं. त्यासाठी बाबांना फोटो लागतील, तारखेसकट, नाहीतर ते मानणार नाहीत. म्हणून तू असं कर. कोठारापाशी आखूड डबे लागतील त्या दिवशी कुणाकडून तरी फोटो काढून घे. तुझा ट्रक त्यात येऊ दे. तू डब्याच्या शेजारी उभा राहा, छापलेलं साल दिसेल असा, ते झाकू नकोस. कानटोपी काढ, थंडी वाजली तरी. हसला नाहीस तरी चालेल. बाबा आधी डबा बघतील, चाकं बघतील, डबे जोडणारं कपलिंग बघतील. तुझ्यापर्यंत यायला त्यांना वेळ लागेल. तो त्यांना घेऊ दे. भांडी घासत होतास तेही मी सांगणार आहे, तुझी हरकत नसेल तर. कारण नंतरचं कळायला आधीचं कळावं लागेल.

मी फोटो नवी पेठेत मोठे छापून आणीन. डबे तू पाठवलेस हे आधी सांगेन, मग फोटो पुढे ठेवेन, मग जानेवारीचं विचारेन. भीती वाटते. ते उठून अंगणात गेले तर मीही मागून अंगणात जाईन आणि तिथे विचारेन. जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत त्याच संध्याकाळी तुला कळवीन, म्हणजे दहा तारखेच्या आधी तुझ्या हातात असेल.

सहा डिसेंबरला ते सकाळपासून विहारात असतात, रात्री दमून येतात, म्हणून त्या दिवशी नको. आणि कॉलेज असलेल्या दिवशी मला अर्ध्यातून उठून जावं लागेल, म्हणून तेही नको.

आईने तुला विचारलंय. तुझ्या मनात आमची जागा राहू दे, आमच्याकडे तुझी आहे.

तुझी,
धम्मप्रिया

ता. क. दिवस स्पष्ट लिहायचा राहिला. रविवार, ७ डिसेंबर, दुपारची जेवणं झाल्यावर. फोटो शुक्रवारपर्यंत पाठव.