अर्ध्या तासापुरती आई

कास्तेलमोरा, १२ मार्च १८४३

प्रिय आईस,

तुझ्या रोझिनचा नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढायचा हट्ट करू नकोस.

तू दर पत्रात विचारतेस, 'माझं दूध प्यालेली थेक्ला सासरी सुखात आहे ना?' थेक्ला राजकन्या बऱ्या आहेत. जेवण जरा कमी झालंय, एवढंच.

काल त्यांच्या एर्कोलेला तीन वर्षं पूर्ण झाली. जन्मल्या दिवसापासून तो आजीच्याच महालात वाढतोय, हे तुला ठाऊक आहे. वाढदिवस म्हणून आईला अर्धा तास भेट मिळाली. आपल्याकडचा बदामाचा केक मी करून ठेवला होता. राजकन्यांनी त्याला मांडीवर घेतलं आणि आपल्या भाषेत लाडानं बोलायला लागल्या, तर पोराला एक शब्द कळेना. त्यांच्या सासूबाई लगेच म्हणाल्या, "सूनबाई, त्याला जर्मन शिकवू नका. उद्या त्याला इथं राज्य करायचंय."

पोर उठून दाईला बिलगलं. "या बाई का रडतात? आपण घरी जाऊया."

राजकन्यांनी हसून त्याला जाऊ दिलं. पोर आपल्याजवळ राहावं म्हणून त्यांनी आपल्या वडिलांना दोनदा लिहिलं होतं गं. 'सासरच्या मर्जीनं राहा,' एवढंच उत्तर आलं.

आज त्या मला म्हणाल्या, "रोझिन, तुझ्या आईला कळव, एर्कोले आता छान बोलतो."

खरंच छान बोलतो तो. मी मात्र त्यांच्याशी काय बोलू, ते तूच सांग.

तुझीच,
रोझिन