बटाटा श्वास घेतो, अण्णा

अण्णा, आज कर्वेनगरच्या माझ्या वर्गात सजीवांची लक्षणं शिकवत होते. पोषण, श्वसन, वाढ, हालचाल, सगळं फळ्यावर लिहून झालं आणि एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पोत्यातला बटाटा जिवंत असतो का?" असतो म्हटलं. श्वास घेतो, ऊब टाकतो, कोंब काढतो. हे मला पुस्तकाच्याही आधी तुम्ही सांगितलं होतं, आणि मी ते उडवून लावलं होतं.

नववीत होते मी. मार्केट यार्डातल्या आपल्या गाळ्यावर तुम्ही माझा हात बटाट्याच्या पोत्यात खुपसता. "लागतंय कोमट? माल श्वास घेतोय." मी म्हणते, जे जागचं हलत नाही ते कसलं सजीव? "जेवल्यावर मीही हलत नाही," तुम्ही म्हणता, "निर्जीव धर मला."

त्याच आठवड्यात तुम्ही गावाला गेलात, आभाळ भरून आलं, आणि मी मालकीणबाई झाले. ओट्यावरची पोती प्लास्टिकनं गच्च बांधायला सांगितली. आपला जुना हमाल म्हणाला, "ताई, वारा लागू द्या. माल घुसमटंल." "बटाट्याला नाक कुठंय हो?" मी म्हणाले. त्यानं बांधली. पाऊस काही आला नाही. चार दिवसांनी तुम्ही परत येऊन बटाटा कापलात, तर वरून ठणठणीत आणि आत काळा ठिक्कर. "कुणी बांधलं हे?" मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. "चुकी झाली, मालक," तो म्हणाला. उद्यापासून येऊ नकोस, असं तुम्ही त्याला सांगितलंत. त्याच्या घरी तीन लेकरं होती, हे मला माहीत होतं. तरी तोंड उघडलं नाही.

मागच्या रविवारी तो यार्डात भेटला. पार म्हातारा झालाय. मी माफी मागायला लागले तर हसला. "मालकांना ठावं हुतं की! दुसऱ्याच दिशी यार्डाच्या पार दुसऱ्या टोकाच्या गाळ्यावर कामाला लावलं मला. म्हनले, पोरगी सोताहून सांगंल, तवर गप ऱ्हा."

म्हणजे तुम्ही वाट बघत होतात! माझ्या लग्नात, रोजच्या चहाला, शेवटी दवाखान्यात तुमचा हात धरून बसले होते तेव्हासुद्धा. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तुमचा रागही आला. एकदा विचारायचं होतंत की!

पोती मीच बांधायला लावली होती, अण्णा. हे पत्र कुठं पाठवणार म्हणा. आणि खरं सांगू? तुम्ही समोर असता, तर आजही मी गप्पच बसले असते.