तिसऱ्या गाण्यातला थांबा

शनिवार दुपार, १९८२

क्लाइव्ह,

जिन्याखालच्या तुझ्या बँडच्या न खपलेल्या रेकॉर्डच्या खोक्यातून एक मी घेतली. ओरडू नकोस. पूर्ण आवाजात लावली, तेव्हा तुझी आई शेजारी बेरिलकडे पळाली. चाळीस वर्षं क्रॅडलीच्या लोखंडाच्या कारखान्यात, यांत्रिक घणांपाशी काढून बधिर झालेल्या माझ्या कानांना तुमचं हेवी मेटल काय कळणार? म्हणून स्पीकरवर तळहात ठेवून बसलो.

पहिली दोन गाणी नुसती धडधड वाटली. तिसऱ्याला मात्र मी दचकलोच. ढण, ढण आणि मग एक थांबा. अरे, हा तर आमचा तीन नंबरचा घण! दोन घाव घालायचे आणि सांडशीतलं लाल लोखंड वळवेपर्यंत थांबायचं. थांबा अगदी तेवढाच आहे, चार वेळा लावून पाहिलं. कारखान्याला टाळं लागून दोन वर्षं झाली आणि तू तर तिथे एक दिवसही कामाला नव्हतास. मग ड्रमवर हे आणलंस कुठून? लहानपणी घराच्या भिंतीतून ऐकू यायचं का?

तो संगीत मासिकातला समीक्षक म्हणे, ड्रमवर तुझा हात मधेच अडखळतो. गाढव आहे तो. आणि मी तर न ऐकताच तुझ्या वाजवण्याला नावं ठेवली होती.

तुझ्या जेवणाच्या चिप्स ओव्हनमध्ये आहेत. रेकॉर्ड घेऊन होरेसकडे चाललोय. तीन नंबरवर सांडशी त्याच्या हातात असायची. त्याला काहीच सांगणार नाही, फक्त स्पीकरवर हात ठेवायला लावणार. थांबा आला की त्याचं मनगट वळतं का, ते बघायचंय.

बाबा