झुलालने विचारलं होतं

धुळे-जळगावकडच्या ड्रायव्हर, क्लीनर आणि मिस्त्री मंडळींनो, मृत्युपत्र वारसांसाठी लिहितात, हे मला ठाऊक आहे. तरी आधी हाक तुम्हाला मारतो, कारण आपलं दुखणं एक आहे. गाडी पळाली तर शेठची गाडी चांगली. हँडल उलटून मनगट मोडलं तर गड्याला हँडल मारता येत नव्हतं.

मी, पितांबर दगडू पाटील, वय बहात्तर, राहणार देवपूर, धुळे, कुणाच्या दबावाखाली नसताना हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, छाती थकली आहे. जन्मभर सभा गाजवल्या. आता एक वाक्य पुरं करताना दोनदा थांबावं लागतं. कमलबाई म्हणते, "बोलून पोट भरलं नाही, आता कागदावर ठोकताय का भाषण?" तिचं खरं आहे. थोडक्यात आवरतो.

१. राहतं घर माझी पत्नी कमलबाई हिचं. तिच्या हयातीत तिला तिथून कुणी "जरा सरका" म्हणू नये.

२. पुस्तकांची कपाटं आणि सभेचा भोंगा मोटार कामगार संघटनेला. "नाना, हँडलचा विषय आता जुना झाला," असं म्हणत संघटनेच्याच रुपचंदने भर सभेत तो भोंगा माझ्या हातून काढून घेतला होता. आता त्यालाच लखलाभ. फक्त त्यातून माझी स्तुती करू नये.

३. पाने, पकडी आणि जॅक मुलगा हिलाल याला.

४. माझ्या स्वतःच्या मालकीची, १९२८ सालची उघडी मोटार धाकटा भाऊ झुलाल याला. हिलाल, तुला हे आवडणार नाही. तू म्हणाला होतास, "आबा, स्टिअरिंगवरची ती दांडी कापू, नवा डिस्ट्रिब्युटर बसवू, वरातीला झकास दिसेल." ती दांडी काय आहे, ते एकदा ऐक.

पेट्रोलला पेटायला एक क्षण लागतो. इंजिन जोरात फिरू लागलं की ठिणगी थोडी आधी पडावी लागते. तवा तापायला हवा तर चूल आधी पेटवतात, तसंच. अगदी पहिल्या गाड्यांत ठिणगीची वेळ बांधलेली असे. मग स्टिअरिंगवर दांडी आली. खाली ओढली की ठिणगी पुढे, म्हणजे लवकर; वर सारली की मागे, म्हणजे उशिरा. साक्रीकडचा चढ लागला, इंजिन टकटक वाजलं की ड्रायव्हर दांडी थोडी वर घेई. सगळं कानावर. पुढे ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये स्प्रिंगला बांधलेली वजनं आली. गोफण जोरात फिरवली की दगड बाहेर ओढ घेतो, तशी ती वेगाने फाकतात आणि ठिणगी पुढे नेतात. गाडी थांबली की आपोआप मागे. मग कार्बोरेटरच्या ओढीवर चालणारी नळी आली, तिला इंजिनावरचा भारही कळू लागला. हे सगळं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच झालं. आम्ही दोघे भाऊ ज्यांच्याकडे नोकरीला होतो, त्या शेठची ही गाडी मात्र दांडीचीच राहिली.

इंजिन सुरू करायला गाडीपुढे उभं राहून हँडल मारताना ठिणगी पुढे असेल तर दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर चढत असतानाच स्फोट होतो आणि हँडल उलटं येतं. पुढे उभ्या माणसाला दांडी दिसत नाही. म्हणून आमच्यात रीत होती. हँडलवाला विचारायचा, "मांगे शे का?" म्हणजे ठिणगी मागे आहे ना? आतला दांडी बघून म्हणायचा, "शे!" मगच हात चालायचा.

१९३६ साली, पिंपळनेरला निघताना, झुलाल हँडलवर होता, आत शेठ. मी मागे ट्रंक बांधत होतो. झुलालने विचारलं. शेठ पाहुण्यांशी बोलता बोलता, दांडीकडे न बघता म्हणाले, "शे!" हँडल उलटं आलं, झुलालच्या उजव्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाजही मी ऐकला. त्याने विचारलं होतं, असं मी तिथल्या तिथे ओरडलो. पुढे तक्रार गेली तेव्हा पंच म्हणाले, भाऊ भावाचीच बाजू घेणार. शेठ म्हणाले, "त्यानं विचारलंच नाही." जे यंत्र न विचारता करू लागलं होतं, ते शेठनी विचारूनही केलं नाही.

त्यांचं नाव लिहीत नाही. नातवंडं भली आहेत, भंगारात जाणारी ती गाडी त्यांनीच मला दिली.

मोडका हात झुलालने निभावला. पण गेल्या दिवाळीला बोदवडहून आला तेव्हा म्हणाला, "भाऊ, बठ्ठा लोके म्हनतस, मी इचारंच नही. आते माले बी तसंच वाटस." सगळ्यांचं ऐकून ऐकून त्याचाच स्वतःवरचा विश्वास उडाला होता. म्हणून लिहितो: त्याने विचारलं होतं. मी ऐकलं होतं. मरणाऱ्याला कुणा भावाची बाजू घेऊन काही मिळवायचं नसतं. आता तरी ही साक्ष धरा.

गाडी झुलालची झाल्यावर त्याने ठेवावी, विकावी, फुंकून टाकावी. दांडी मात्र तोवर कुणी कापू नये.

आणि हिलाल, माझ्या तेराव्याला हे सर्वांसमोर वाच. नासीरभाई मिस्त्री इंजिन गरम करून ठेवतील, म्हणजे डाव्या हाताचा एक हिसका पुरेल. हँडल काकाच्या हातात दे. तू आत बस. तो विचारेल. दांडी वर सार, डोळ्यांनी बघ, आणि मगच त्याला उत्तर दे.

पितांबर दगडू पाटील (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली, म्हणून साक्षीदार:
नासीर नूर महंमद, मोटार मिस्त्री (सही)
लोटन धनसिंग, निवृत्त ड्रायव्हर (सही)

धुळे, १२ डिसेंबर १९८६