शील्डशिवाय, उद्यापासून

१२ ऑगस्ट, सोमवार

उद्यापासून शील्ड बंद. ठरलं.
दवाखान्यातल्या सिस्टरनेच दिली होती ही सिलिकॉनची टोपी. निपलवर बसवायची, बाळी तिच्यातून दूध ओढते. तेव्हा म्हणाली, "लावा मॅडम, काई होत नाई." आज फोन केला तर म्हणते, "अजून काढली नाई? दूध कमी होईल नं!" म्हणजे लावायला सांगणारी तीच, रागावणारीही तीच.
मला काही प्रॉब्लेम नाही. सवय बाळीला लागली आहे. मी एम.एस्सी. आहे, शास्त्रशुद्ध सोडवीन.

१३ ऑगस्ट

आज मंगळवार. मी मानत नाही, पण आई मानते. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "टोपी काढाले कायचा मंगळवार वो?" ऐनवेळी हिला विज्ञान सुचतं.

१४ ऑगस्ट, सकाळ

काढली. बाळी रडली. तोंड लागायच्या आधीच.
आई म्हणाली, "तूच अंग आखडून राह्यली. खांदे सोड नं." माझ्या खांद्यांचा काय संबंध? रडत कोण होतं? परत लावली. बाळीच्या मनाची तयारी नाही.

१४ ऑगस्ट, दुपार

व्हिडिओ पाहिला. शील्ड लावून सुरुवात करायची, दूध वाहायला लागलं की हळूच काढायची. सोपं आहे.
हात शील्डपर्यंत नेला. बाळी इतकी शांत पीत होती. पित्या लेकराला कोण डिस्टर्ब करतं?

१६ ऑगस्ट

प्रफुलशी बोलणं बंद.
पहिल्या आठवड्यात रक्त यायचं. बाळी तोंड जवळ आणायची आणि माझ्या पायाची बोटं वळायची. हे फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. त्याने चंद्रपुरातून इथे माहेरी फोन करून आईला सांगितलं, "मयुरीले भेव वाटते, आई. तिले नका बोलू काई." आईने वहिनीला सांगितलं. आता नागभीड जंक्शनवर अनाउन्समेंट तेवढी बाकी आहे.
त्याला विचारलं तर म्हणे, "तुह्या चांगल्यासाठीच सांगितलं नं." भेव म्हणे!

१८ ऑगस्ट, रविवार, दुपार

लगेच लिहून काढते.
अंघोळीला गेले होते. केस धुतले, बाळंतपणानंतर पहिल्यांदा निवांत. बाहेर येते तर बाळीचा आवाज नाही. स्वयंपाकघरात रीता वहिनी मांडी घालून बसलेली, तिचा दहा महिन्यांचा पोरगा बाजूला कढईशी खेळतोय, आणि तिच्या पदराखाली माझी मुलगी. घटाघटा. शील्ड नाही, काही नाही.
वहिनी उठली नाही. म्हणाली, "मयुरीताई, लय रडून राह्यली होती वो. मंग घेतली. थोडंसंच देल्लं."
मी म्हटलं, "तिला येतं?"
"कोनाले?"
"बाळीला. असं प्यायला येतं?"
वहिनी हसली. "लेकराले नाई येनार तं कोनाले येनार?"
म्हणजे येत होतं. कदाचित पहिल्यापासून. माझ्याजवळ आली की मात्र ओठ काढायचे, मान फिरवायची, टोपी मागायची. आणि मामीकडे गेली की घटाघटा! पंचवीस दिवसांची पोरगी, आणि आईला असं बनवते.
ओढूनच घेतली. ओल्या केसांनी तिथेच चुलीजवळ बसले. दुखेल का, हे आठवलंच नाही, इतका राग होता. "पी," म्हटलं. तिने वर पाहिलं, तोंड वासलं आणि पकडलं.
दुखलं. मग कमी दुखलं. मग मीच रडायला लागले. आईने टॉवेल आणून केस पुसले. वहिनीने पोराच्या हातातली कढई काढून घेतली, आवाज नको म्हणून.
बाळी पिता पिता झोपली. माफी वगैरे काही नाही.

२० ऑगस्ट

शील्ड सुटली! सिस्टरला फोन करून सांगितलं. संयम, सातत्य आणि योग्य पद्धत. तिने पद्धत विचारली, तेव्हा नेमकी रेंज गेली.
प्रफुलशी बोलणं सुरू केलं. वहिनीला चहा करून दिला, पण बाळीला तिच्यापासून थोडं लांब झोपवलं.
आता सगळं शील्डशिवाय. उजवीकडचं सगळं. डावीकडे अजून लावते. त्या बाजूला बाळी घाबरते.