तेजूचा कापलेला मार्क

प्रिय आण्णा,

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी भांडायला बसलेय. दुसऱ्या कुणाशी भांडू? आज शाळेत सातवीचे इंग्रजीचे पेपर वाटले. वाटले कसले, मीच तोंडघशी पडले!

आपल्या बावड्यातल्या गल्लीतली तेजू, तुमची शेवटची विद्यार्थिनी. पेपरात सारख्या अर्थाच्या शब्दांच्या जोड्या लावायच्या होत्या. तिनं सगळ्या लावल्या, एकच सोडली. लुक आणि वॉच. खाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, हे सारखे नाहीत; लुक म्हणजे एकदा बघणं, वॉच म्हणजे तिथून न हलणं. मी उत्तरसूची बघितली, लाल रेघ मारली आणि मार्क कापला. मी! तुमची मुलगी!

पोरगी टेबलाशी आली. "मॅडम, आण्णांनी शिकवलं तसंच लिवलंय की. दुधापाशी हुबं करून शिकवलंय त्यांनी. चुकलं व्हय ते?"

मलाही तुम्ही तसंच शिकवलंत. गॅसवर दूध ठेवायचं. लुक म्हटलं की नजर टाकून अंगणात पळायचं, वॉच म्हटलं की उकळी येईपर्यंत पातेल्यापाशी उभं राहायचं. त्या लुकपायी किती दूध उतू घालवलंत हो! आई ओरडायची, "इंग्रजी शिकवताय का घर बुडवताय?" पण ते शब्द आम्ही जन्मात कधी चुकलो नाही.

मार्क परत देऊ का विचारायला मुख्याध्यापकांकडे गेले. म्हणाले, "मॅडम, उत्तरसूचीत हाय तेच बरोबर. एकीला दिला तर उद्या अख्खा वर्ग दारात हुबा ऱ्हाईल." राहू दे की! ज्यानं ती सूची केली त्यानं कधी दूध तापवलंय का? अर्थ सारखा म्हणे!

आणि राग तुमच्यावरही आहे. हे पेपर मी कधी तपासले, ठाऊक आहे? तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. डबा ठेवायचे, तुमच्यावर एक नजर टाकायचे आणि निघायचे. त्या शेवटच्या संध्याकाळी थांबते म्हटलं तर तुम्हीच हाकललंत. "जा, पेपर तपास जा. मी काय पळून जातोय व्हय?" आणि गेलातच की! साऱ्या गल्लीच्या पोरांना न हलता उभं राहायला शिकवलंत, मग स्वतःच्या लेकीला 'थांब' म्हणायला काय झालं होतं? मीही कसली, लगेच पिशवी उचलली. हे मला माफच करता येत नाही, आण्णा.

ती संध्याकाळ काही परत येत नाही. मार्क मात्र मी परत आणू शकते. उद्या पहिल्याच तासाला तेजूचा पेपर मागून घेईन, माझी रेघ खोडेन, मार्क देईन आणि शेजारी सही करेन. मुख्याध्यापकांना मेमो द्यायचा तर देऊ देत. आणि तिनं विचारलं होतं ना, चुकलं का म्हणून? त्याचं उत्तर सगळ्या वर्गासमोर देईन.

"तेजू, तुझं बरोबर होतं. मीच नीट बघितलं नाही."

तुमची,
सुरेखा