शेवटची चाळीस पानं

रविवार, ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईंना नमस्कार,

पार्सल मिळालं. चार कादंबऱ्या, वरून सुतळी, आत चिठ्ठी नाही. सात महिने झाले, दर महिन्याला तुमची पुस्तकं येतात आणि तुमचं एक अक्षर येत नाही. फोन तर तुम्ही उचलतच नाही. वरचा पत्ता तरी तुमच्या हातचा असतो, तेवढ्यावर समाधान मानते. मी बरी आहे. सकाळी आठ ते एक लाँड्रीचं काउंटर, मग ह्यांच्याकडे सेंटरवर, संध्याकाळी सातला घरी. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

आता पुस्तकांविषयी. नाहीतर म्हणाल, बाई वाचते की नुसती पार्सलं साठवते!

गेल्या पार्सलमधली ती जाड, निळ्या कव्हराची ऐतिहासिक मी ह्यांना रोज वाचून दाखवते. तुम्ही शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलात, तुम्हाला ही जात मुळातच सोसत नाही. तरी भावासाठी पाठवता, हे मला कळतं. खरं सांगू का, मलाही हसू येतं. या कादंबऱ्यांत कुणी साधं पाणी मागत नाही, तहान लागली तरी दीड पान बोलतात. आणि मरताना तर बघायलाच नको! छातीत भाला घुसलाय, रक्ताची धार लागलीय आणि हा बाबा अर्धं प्रकरण बोलतोय, एकही वाक्य अर्धवट सोडत नाही. माणसाचं वाक्य मध्येच तुटतं कसं, ते या लेखकांनी कधी बघितलेलं दिसत नाही.

हल्लीच्या कादंबऱ्यांचंही ऐका. ती पातळ, करड्या कव्हराची. नायक खिडकीत उभा. चाळिसाव्या पानावर उभा, नव्वदाव्या पानावर उभा. बायको बॅग भरून निघून गेली, तरी हा खिडकीतच! अरे बाबा, खाली उतर, तिच्या मागे जा, ते जमत नसेल तर निदान चहा टाक. काही न घडणं म्हणजे खोली, असं यांना कुणी सांगितलं कोण जाणे. लेखकाने एक दिवस माझ्या काउंटरवर येऊन बसावं. काल एक बाई नवऱ्याचा शर्ट न्यायला आली. धुतलेली कॉलर तीनदा उलटीसुलटी करून बघितली आणि शर्ट तिथेच ठेवून गेली. एवढ्यात कादंबरी होते. पण एक मान्य करते. हल्लीच्या कादंबरीत चांगली माणसंसुद्धा खोटं बोलतात. त्या ऐतिहासिकांत खोटं फक्त फितूर बोलतो.

सेनापती तसेच आहेत. (आपण दोघींनी मिळून ह्यांना ठेवलेलं नाव, आता इथल्या नर्सही त्याच नावाने हाक मारतात.) उजवी बाजू नाही, वाचा नाही. डावा हात थोडा हलतो. जन्मभर नकाशे काढले तो उजवा. आठवतं ना, कादंबरीच्या कोऱ्या पानावर ते लढाईचा नकाशा काढून बघायचे, सैन्य खरंच तिथे पोचेल का. नाही जमलं की ओरडायचे, “एका रात्रीत साठ कोस? हा घोडा आहे की विमान?” आणि पुस्तक धाडकन जमिनीवर. खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन यायचे.

कामाचं लिहायचं राहिलं. येत्या शुक्रवारी सकाळी अकराला त्यांची तपासणी आहे. तीन डॉक्टर आणि स्पीच थेरपीच्या बाई. सात महिन्यांत त्यांना काही कळत असल्याची खूण दिसली नाही, असं कागदावर आहे. शुक्रवारीही नाही दिसली, तर उपचार बंद करून मागच्या इमारतीत हलवणार. तिथे नुसतं सांभाळतात. कूस बदलायची, भरवायचं, पडदा ओढायचा. तुम्ही आलात तर बरं होईल.

आणि त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नका. तुमचं त्यांचं फोनवर वाजलं, फोन ठेवला आणि ते पडले, मी बाजारात होते, यात कुणाचाच दोष नाही. होणारं होतं ते झालं. जमलं तर या. तब्येतीला जपा.

तुमची लाडकी भावजय


मंगळवार, ता. ६ फेब्रुवारी

ताई,

रविवारचं पत्र पोस्टात टाकलं नाही. फाडणार होते. मग ठरवलं, याच पाकिटात घालायचं, म्हणजे मी किती सफाईने खोटं लिहिते ते तुम्हाला दिसेल. कुरिअरवाला म्हणतो उद्या दुपारी तुमच्या हातात पडेल. तुम्ही फोन उचलला असता तरी हे मला तोंडाने सांगता आलं नसतं.

मी बाजारात नव्हते. मी घरात होते. पुढच्या खोलीत, खुर्चीत, पाय स्टुलावर टाकून वाचत होते.

आणि फोन ठेवला आणि ते पडले, हेही खोटं. तुमचा फोन नऊला आला होता. वीस मिनिटं तुम्ही दोघं भांडलात. तुम्ही म्हणालात असल्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांना पुन्हा चौथीत बसवलं पाहिजे, हो ना? फोन ठेवला तेव्हा ते हसत होते हो! हात चोळत स्वयंपाकघरात आले, म्हणाले, “आज ताईची खोड मोडतो. नकाशाच काढून पाठवतो तिला.” दोन कप चहा प्यायले. मग आतल्या खोलीत टेबलाशी बसून शीळ घालत नकाशा काढत होते. महिनाभरात इतके खूश मी त्यांना बघितले नव्हते. ते पडले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

आवाज मला आला होता. धाडकन. मला वाटलं पुस्तक आपटलं. मी इथूनच ओरडले, “काय हो, पुन्हा चुकला वाटतं तुमचा लेखक?” उत्तर आलं नाही. मी हसले, ताई. रुसलेत म्हटलं, आणि पुढे वाचायला लागले. शेवटची चाळीस पानं राहिली होती. मध्ये एकदा काहीतरी घसटल्यासारखा आवाज आला. तेव्हा मान वर केली होती मी. खोटं कशाला सांगू, एवढं प्रकरण संपू दे, असं मनात म्हटलं आणि मान खाली घातली. प्रकरण संपलं, मग पुढचंही वाचलं. पुस्तक मिटलं, डोळे पुसले. कादंबरीतली म्हातारी मेली म्हणून मी रडत होते! मग चहा विचारायला आत गेले.

पाऊण तास. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर वाचा राहिली असती बहुतेक. त्यांनी विचारलं, कधी पडले? माझ्या तोंडून निघून गेलं, मी बाजारातून आले तर हे असे. आणि कॉरिडॉरमध्ये तुम्ही धावत आलात, माझे दोन्ही हात धरून म्हणालात, “माझ्याशी भांडून झालं ना गं हे? माझ्यामुळेच ना?” मी नाही म्हणायला हवं होतं. मी खाली बघत राहिले. पुढे नातेवाइकांनी विचारलं तेव्हा तर मीच सांगितलं, हो, ताईंचा फोन आला आणि लगेच. तुम्ही त्यानंतर पुन्हा आला नाहीत. मी तुम्हाला येऊ दिलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. तुम्ही दारात दिसला असतात तर माझं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून तुम्ही येत नाही याचं मला बरंच वाटत होतं. नीच आहे मी.

अजून संपलं नाही. बसला असाल तर पुढचं वाचा.

गेल्या महिन्यात, बावीस तारखेच्या सोमवारी, मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांना काही कळत नाही असं सगळे म्हणत होते, म्हणून सांगितलं. भिंतीला सांगावं तसं. धाडकन आवाज, चाळीस पानं, तुमच्यावर ढकललेलं पाप, सगळं बोलले आणि हलकी होऊन घरी गेले. कित्येक महिन्यांनी नीट झोपले, लाज नाही म्हणून.

गुरुवारी ती निळी कादंबरी वाचत होते. लढाई आली की मी पानं गाळते, ही माझी जुनी चोरी. दोन पानं एकदम उलटली. सैन्य नदीच्या अलीकडे होतं ते थेट गावात विजयाचे नगारे वाजायला लागले. आणि ताई, त्यांच्या डाव्या हाताचं बोट उठलं! पुस्तकाकडे. मी मागे गेले, गाळलेलं वाचलं, बोट खाली. पुढे मुद्दाम पुन्हा गाळलं, पुन्हा बोट! मी पुस्तक टाकून कॉरिडॉरमध्ये धावले, रडत, नर्सला मिठ्या मारत. स्पीच थेरपीच्या बाई आल्या. “बोट उचला, डोळे मिटा, या चित्रातला कप दाखवा.” काही नाही. शाळेतल्या पोरासारखं कप दाखवायला सांगितलं तर ते कसले दाखवतायत! बाई हळूच म्हणाल्या, घरच्यांना असं वाटतं कधी कधी.

त्या गेल्यावर मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. म्हटलं, तुम्हाला कळतंय हो, सगळं कळतंय! हे म्हणता म्हणताच मी हात काढून घेतला. सोमवार आठवला. मी विचारलं, “सोमवारी मी बोलले ते ऐकलंत?”

बोट उठलं. मग त्यांनी डोळे मिटले.

आज बारा दिवस झाले, मी खोलीत पाऊल टाकलं की डोळे मिटतात. माझ्या चपलांचा आवाजसुद्धा ओळखतात बहुतेक. मी पानंच्या पानं गाळते, मुद्दाम चुकीचं वाचते, घोडे नदीवरून उडवते, मेलेला सरदार पुढच्या पानावर जिवंत करते. बोट हलत नाही. पाया पडले, भांडले, काल तर पुस्तकाने त्यांच्या पलंगाच्या कठड्यावर मारलं आणि मग स्वतःच घाबरले. हलत नाहीत. थेरपीच्या बाईंनी दाखवलेल्या कपालाही नाही आणि मलाही नाही.

मला शिक्षा करतायत, करू देत. पण शुक्रवारी ते असेच पडून राहिले तर त्यांना मागच्या इमारतीत नेतील, आणि आत सगळं कळत असलेला माणूस पंधरा-वीस वर्षं पडद्याकडे बघत पडून राहील, आणि कुणी त्याला एक ओळ वाचून दाखवणार नाही. ताई, हे मी कुणाला पटवून देऊ? माझं कोण ऐकणार? मी वेडी होईन आता.

तुम्ही या. धीर द्यायला नको, रडायलाही नको. तुम्ही त्यांच्याशी भांडायला या. तीन डॉक्टरांच्या समोर ती निळी कादंबरी उघडा आणि तिची चामडी सोला. म्हणा, लेखकाला नदी आणि नाला यातला फरक कळत नाही. म्हणा, ही लढाई झालीच नाही. त्यांना पुन्हा चौथीत बसवा. तुमचं असलं बोलणं त्यांनी आयुष्यात कधी बिनउत्तराचं सोडलेलं नाही, आणि त्यांचा तुमच्यावर कसलाही राग नाही. तुमच्या भांडणाने ते पडले नव्हते. मला तर वाटतं, आता उठवलं तर तेच उठवेल.

शुक्रवारी मी सेंटरवर नसेन, कॉरिडॉरमध्येही नाही. माझी चाहूल लागून त्यांनी डोळे मिटायला नकोत. दुसरा मजला, खोली सहा. निळी कादंबरी उशाशी ठेवते. आम्ही दोनशे अकराव्या पानावर आहोत, वेढा पडलाय. मी लाँड्रीत काउंटरवर असेन, काय झालं ते नर्सकडून कळवा. तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते शनिवारी येऊन बोला, चारचौघांत बोला, मी मान खाली घालून ऐकेन. मला माफ करा असं लिहीत नाही. फक्त या. सकाळची पहिली गाडी साडेनऊला पोचते.

‘तुमची’ लिहायचा हक्क मला राहिलेला नाही.

तुमच्या भावाची बायको